मतमाउलीतला डोंगर

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दौंड स्टेशनात मनमाडच्या गाडीची वाट बघत उभा होतो. शेजारच्या बाकावर एक मावशी, मांडीवर भाकरीचं फडकं आणि पिशवीत मेणबत्त्यांचा पुडा घेऊन बसलेल्या. कुठं निघालात म्हणून विचारलं.

"मतमाउलीला. पोराचं ऑपरेशन झालं गेल्या साली. माउलीनं राखलं."

मतमाउली म्हणजे श्रीरामपूरजवळच्या हरेगावची मरियामाता. 8 सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिन, आणि त्याच्या आसपास तिथं मोठी यात्रा भरते. दौंडचे कॅथलिक रेल्वेनं नगरमार्गे श्रीरामपूरच्या बेलापूर स्टेशनात उतरतात. शिरूरचे घोडनदी ओलांडून नगर रस्त्याला लागतात. गाडी आली, मावशी डब्यात चढल्या, आणि मी 'मत' या दोन अक्षरांत अडकलो. माउली कळली. पण मत कसलं?

उत्तर वांद्र्यात सापडलं, असं मी छाती ठोकून सांगतो. वांद्र्याच्या टेकडीवरच्या मरियेला कोळी 'मोतमाउली' म्हणतात. शहरी लोकांचं ते माउंट मेरी. चर्चची आजची इमारत 1904 ची, बॅसिलिकाचा मान 1954 चा. पोर्तुगीजांची ती 'नोस्सा सेन्योरा दु मोंते', म्हणजे डोंगरावरची स्वामिनी. मोंतेचं मोत झालं, मोतचं मत. मग हरेगावच्या सपाट उसाच्या रानात, जिथं नजर पोचेल तिथवर साधी टेकडी नाही, तिथं लोक वर्षानुवर्षं डोंगराचंच नाव घेत आले आहेत!

प्रतिस्पर्धी मतं (ही कोटी टाळता आली नाही) तीन. पहिलं मोत्याचं. मूर्ती कोळ्याच्या जाळ्यात समुद्रातून वर आली अशी कथा आहे, तेव्हा ती मोत्याची माउली. कथा गोड, पण मराठी माणूस मोतीचूर म्हणतो, मोतचूर नाही. मोती असता तर 'ती' टिकली असती. दुसरं 'माता'चं: माता-माउली, आई-माय असा जोडशब्द. हे नगरकडं पटण्यासारखं आहे, पण मग वांद्र्याचा 'मो' आला कुठून? तिसरं इंग्रजी 'माउंट'चं. इथं मात्र मी हट्टाला पेटतो. इंग्रजीचा 'टी' मराठीत ट होतो: माउंट अबू, स्टेशन. पोर्तुगीजांचा त होतो: 'फिता'ची फीत, 'पिस्तोला'चं पिस्तूल, 'मेस्त्रे'चा मेस्त्री. मतमधला त मऊ आहे, दातांवरचा आहे. एवढ्या एका अक्षरावर मी खटला जिंकला असं समजतो. बटाटा पोर्तुगीज असूनही उलटा पुरावा देतो हे मान्य. बटाट्याला मी साक्षीला बोलावत नाही.

आणि अनुनासिक कुठं गेला? तो मराठीच्या तोंडात असाच विरतो. 'अफोन्सो'चा हापूस झाला तेव्हा मधला न आणि शेवटचा ओ दोन्ही गळाले. 'पांव'चा पाव झाला तेव्हा नाकातला सूर गेला. मोंतेही त्याच वाटेनं मोत झाली. वांद्र्याहून नगरकडं ती आली असावी ती फादरांच्या पिशवीतून. मुंबई-पुण्याचं मिशन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन जेझुइटांकडं होतं. त्यांचं बस्तान वांद्र्यात आणि नगर जिल्ह्यातही. 1878 मध्ये दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली, तेव्हा वाटही सोपी झाली. हा माझा तर्क, पण याहून सरळ रस्ता मला दिसत नाही.

आता उरला शब्दाचा दुसरा अर्धा भाग, आणि खरी गंमत तिथंच आहे. 'सेन्योरा' म्हणजे मालकीण. गोव्यात तिचं सायबीण झालं, म्हणजे शब्दाशी इमान राखलं गेलं. सायबिणीपुढं माणूस अर्ज घेऊन उभा राहतो. लॅटिनमध्ये कृपेचा जो शब्द आहे, 'ग्रात्सिया', त्यातही मर्जीचा, मेहेरबानीचा वास आहे. देशावर मात्र मालकीण गेली आणि तिच्या जागी माउली येऊन बसली. हा शब्द कुणा फादरला कोशात शोधावा लागला नसणार. ज्ञानोबा माउली, विठामाउली, आणि वारीत तर शेजारून चालणारा अनोळखी माणूसही माउली. बाप्तिस्मा घेतलेल्या महार-मांग घरांनी तो जन्मापासून ऐकला होता. माउलीपुढं अर्ज चालत नाही. तिनं आधीच ताटात वाढलेलं असतं. ग्रेस शब्दाचा अर्थ सांगताना धर्मशिक्षणाचे तास जातात, 'माउलीनं राखलं' हे एका दमात होतं. 1616 मध्ये फादर स्टीफन्सनं 'क्रिस्तपुराणा'त ओवी घेतली आणि स्वर्गाला वैकुंठ म्हटलं, पण तो विद्वानाचा प्रयोग होता. मतमाउली बोलणाऱ्यांनी घडवली.

परक्याला आपल्या भक्तीच्या शब्दात बसवण्याची खोड या भागात तशी जुनीच. शिरूरला इंग्रजांची छावणी होती. तिथं 1809 मध्ये वारलेला कर्नल वॉलेस पुरला, आणि आसपासचे शेतकरी त्याला 'सत्पुरुष' म्हणून सुगीला नैवेद्य दाखवत. गॅझेटियरवाल्या साहेबानं ते टिपून ठेवलंय, बहुधा भुवया उंचावून. लाल कोटातल्या स्कॉटिश नावाच्या माणसाचा सत्पुरुष होतो, तर डोंगरावरच्या सेन्योरेची माउली व्हायला कितीसा वेळ?

मावशी मला परतीच्या वेळीही भेटल्या. वांद्र्याला मेणाचे हात-पाय, घरं, पाळणे वाहतात. त्यांनी हरेगावला फक्त मेणबत्त्या लावल्या होत्या. मी उत्साहानं पोर्तुगीज डोंगराची सगळी हकिगत ऐकवली. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "डोंगराचं नाही माहीत बाबा. आम्ही नुसतं माउली म्हणतो."

तेव्हापासून लक्ष देऊन ऐकतोय. जाताना सगळे मतमाउलीला जातात. परतताना दौंडच्या फलाटावर 'मत' कुणाच्याच तोंडी नसतं.