लक्ष वेधू नये म्हणून वाजणारं संगीत

1990च्या दशकात लेस्टर विद्यापीठाच्या एड्रियन नॉर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या एका सुपरमार्केटात वाइनचे कप्पे मांडले. चार फ्रेंच वाइन, चार जर्मन. किंमत आणि गोडी जुळवून निवडलेल्या. वर एक टेपरेकॉर्डर ठेवला. एक दिवस फ्रेंच अकॉर्डियन, दुसऱ्या दिवशी जर्मन बिअरखान्यातला बँड, असं दोन आठवडे चाललं. फ्रेंच सुरांच्या दिवसांत मिळून 40 बाटल्या फ्रेंच खपल्या आणि 8 जर्मन. जर्मन सुरांच्या दिवसांत 22 जर्मन आणि 12 फ्रेंच. प्रश्नावली भरून देणारे 44 जण होते. तुमच्या निवडीवर संगीताचा परिणाम झाला का, या प्रश्नाला त्यातल्या फक्त 6 जणांनी हो म्हटलं.

बाकीचे खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच कळलं नव्हतं. आणि गिऱ्हाइकाला कळू नये ही तर या संगीताची जुनी अट आहे.

तिचा माग एका फौजी माणसापाशी पोचतो. जॉर्ज ओवेन स्क्वायर हे अमेरिकी सैन्याच्या संदेशवहन विभागातले अधिकारी. 1908 साली ऑर्व्हिल राइटबरोबर विमानात बसलेल्या पहिल्या काही जणांपैकी एक. टेलिफोनच्या एकाच तारेवरून एकाच वेळी अनेक संदेश पाठवायची युक्ती त्यांनी 1910मध्ये शोधली. 1922 साली एका वीज कंपनीनं या पेटंटांच्या जोरावर तारेतून घरोघरी संगीत पुरवायचा धंदा काढला. पण रेडिओ फुकट ऐकू येत असताना तारेसाठी पैसे कोण मोजणार? 1934मध्ये स्क्वायर यांनी ‘म्युझिक’ला त्यांच्या आवडत्या ‘कोडॅक’चं शेपूट जोडून कंपनीला ‘म्यूझॅक’ हे नाव दिलं आणि त्याच वर्षी ते वारले. कंपनी मग घरं सोडून हॉटेलं आणि रेस्टॉरंटांकडे वळली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात संगीत कारखान्यात शिरलं. बीबीसीनं जून 1940मध्ये कामगारांसाठी रोजचा संगीताचा कार्यक्रम सुरू केला. म्यूझॅकनं पुढे त्याचं शास्त्रच बनवलं: पंधरा मिनिटांचा एक तुकडा, त्यात प्रत्येक गाणं आधीच्यापेक्षा थोडं अधिक उत्साही, मग शांतता. गायकाचा आवाज टाळलेला, कारण शब्द आले की माणूस ऐकू लागतो. कामगार मरगळतो त्या वेळा हेरून चढण ठरवलेली. वादक कसबी असायचे, आणि लक्ष वेधलं जाणार नाही असं वाजवणं हे त्यांचं काम. मला यातली ही गोष्ट सगळ्यात वाईट वाटते.

कारखान्यात हात भरभर चालायला हवे होते. दुकानात उलट, पाय रेंगाळायला हवेत. 1982मध्ये रोनाल्ड मिलिमन यांनी अमेरिकेतल्या एका सुपरमार्केटात मोजून पाहिलं. मिनिटाला 72 ठोक्यांपेक्षा जास्त नाही असं संथ संगीत असताना गिऱ्हाइकं हळू चालली, आणि 94 किंवा त्याहून अधिक ठोक्यांच्या दिवसांच्या तुलनेत विक्री 38.2 टक्के जास्त झाली. एका दुकानातला हा आकडा प्रत्येक दुकानाचा नियम म्हणून सांगितला जातो, ते मला पटत नाही. पण पावलं लयीला धरून पडतात, एवढं त्यातून पक्कं दिसतं. पुढे 1986मध्ये त्यांनी रेस्टॉरंट तपासलं. द्रुत लयीत लोक सरासरी 45 मिनिटांत उठले, संथ लयीत 56 मिनिटं बसले. जेवणाचं बिल फारसं बदललं नाही. वाढला तो दारूचा खर्च.

विरोधही जुनाच. वॉशिंग्टनच्या बस-ट्रामगाड्यांतल्या रेडिओविरुद्ध प्रवासी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1952मध्ये हरले. न्यायमूर्ती डग्लस यांनी मात्र प्रवाशांच्या बाजूनं भिन्न मत नोंदवलं. रविशंकरांबरोबरच्या वादनामुळे आपल्याला ठाऊक असलेले येहुदी मेन्युहिन ज्या आंतरराष्ट्रीय संगीत परिषदेचे अध्यक्ष होते, तिनं 1969मध्ये सार्वजनिक जागी लादल्या जाणाऱ्या संगीताचा निषेध केला आणि शांततेचा हक्क मागितला. संगीताच्या बाजूनं उभ्या असलेल्या माणसांनी ही मागणी करावी, याला मी फार मोल देतो.

म्यूझॅक 2009मध्ये दिवाळखोरीत गेली, 2011मध्ये विकली गेली आणि 2013मध्ये ते नाव पुसलं गेलं. काम चालूच आहे; तारेच्या जागी इंटरनेट आलं इतकंच. उलट दिशेचं एक मोठं पाऊल 2016 साली पडलं: गिऱ्हाइकांनी आणि कर्मचाऱ्यांनी सांगितल्यावरून मार्क्स अँड स्पेन्सरनं ब्रिटनमधल्या आपल्या दुकानांतलं संगीत बंद केलं. तुमच्या नेहमीच्या दुकानातली मुलंमुलीही तेच सूर दिवसभर उभ्यानं ऐकत असतात. आवाज कमी करा, असं पुढच्या वेळी काउंटरवर जरूर सांगा.