शंभरात अठ्ठावीस

1966 साली ‘सायकॉलॉजिकल रेकॉर्ड’ या नियतकालिकात ए. मायकेल नॉल यांचा एक शोधनिबंध आला. त्यातला एकच आकडा आजवर गाजत राहिला: डच चित्रकार मोंद्रियान यांच्या चित्रापेक्षा संगणकाचे चित्र 59 टक्के लोकांना जास्त आवडले. निबंध मुळातून वाचला की या आकड्याचे वजन उतरते आणि दुसऱ्याच एका आकड्याचे वाढते.

मोंद्रियान यांचे चित्र 1917 चे. गोलसर घेरात आडव्या-उभ्या काळ्या पट्ट्या. न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये काम करणाऱ्या नॉल यांनी 1964 मध्ये त्याच धर्तीचे नियम लिहून आयबीएम 7094 या संगणकाला दिले. पट्ट्या वर्तुळात पडाव्यात, त्यांची जागा आणि लांबी यादृच्छिक आकड्यांनी ठरावी, वरच्या भागातल्या परवलयात आलेली पट्टी आखूड व्हावी. तयार चित्र एका नळीच्या पडद्यावर रेषारेषांनी उमटे आणि समोरचा कॅमेरा ते फिल्मवर टिपे.

प्रयोगात 100 जणांना दाखवल्या त्या दोन्ही चित्रांच्या झेरॉक्स प्रती. रंगाचा थर, कुंचल्याची खूण, कॅनव्हासचा आकार, सगळे तिथेच गळाले. पसंती मिळाली ती फक्त पट्ट्यांच्या मांडणीला.

संगणकाचे चित्र कोणते, हे मात्र 28 जणांनीच बरोबर ओळखले. डोळे मिटून बोट ठेवले असते तरी निम्म्यांच्या आसपास बरोबर ठरले असते. म्हणजे बाकीचे गोंधळले नव्हते. एका ठाम समजुतीने चुकले होते. नेटके ते यंत्राचे, विस्कळीत ते माणसाचे, असा नॉल यांनी त्याचा अर्थ लावला.

अमेरिकेतल्या कॉपीराइट कचेरीची अडचण याच्या बरोबर उलटी होती. नॉल यांनी पुढे लिहिलेल्या हकिगतीनुसार, त्यांच्या ‘गॉसियन-क्वाड्रॅटिक’ या चित्राची नोंद आधी नाकारली गेली, कारण ते यंत्राने काढले होते. प्रोग्रॅम माणसानेच लिहिला आहे, हे सांगितल्यावर हरकत यादृच्छिकतेवर आली. ते आकडेही ठरलेल्या गणिती रीतीनेच निघतात, हे पटवून दिल्यावर नोंद झाली.

एकाच दशकात प्रेक्षकांना विस्कळीतपणात माणूस दिसला आणि कचेरीला त्यातच माणसाचा अभाव. दोघांच्याही नजरेतून निसटला तो नियम लिहिणारा.