कुंपणाच्या आतली लढाई: एअरसॉफ्टचे कायदे आले कुठून?

ज्यांना कानात हेडफोन घालण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर.

आजचा विषय एअरसॉफ्ट. खऱ्यासारखी दिसणारी बंदूक, आत 6 मिलिमीटरचा प्लॅस्टिकचा छर्रा, दोन गट आणि लुटुपुटूची लढाई. तुमच्यापैकी कुणी इंग्लंडला शिकायला असेल, तर एखाद्या रविवारी मित्र म्हणेल, "चल, काकांच्या शेतावर खेळू." जमीन घरची, खेळणारे सगळे राजी, मग यात कायद्याचं काय काम? मला विचाराल तर याचं उत्तर इतिहासात आहे. यातले बरेचसे कायदे खेळणाऱ्यांसाठी आलेच नाहीत. ते आले कुंपणाबाहेरच्या माणसासाठी. त्याला बिचाऱ्याला माहीतच नसतं, की आत खेळ चाललाय.

सुरुवात जपानपासून करू. तिथे 1958 च्या कायद्याने सामान्य माणसाच्या हातात बंदूक येणं जवळजवळ बंद झालं, पण हौस राहिलीच. मग धातूच्या हुबेहूब प्रतिकृती निघाल्या. 1971 मध्ये सरकारने सांगितलं, धातूचं नकली पिस्तूल विकायचं तर ते पांढरं किंवा पिवळं रंगवा आणि नळी बुजवा. पुढे छर्रे उडवणाऱ्या प्लॅस्टिकच्या बंदुका आल्या. 1991 मध्ये टोकियो मारुई कंपनीने बॅटरीवर चालणारी बंदूक काढली आणि खेळ जगभर पसरला. पण काही जण बंदुकीची ताकद वाढवायला लागले. 2005 मध्ये अशा बंदुकांनी रस्त्यावरच्या गाड्यांवर छर्रे मारल्याच्या घटना घडल्या. पुढच्याच वर्षी कायदा बदलला आणि 6 मिलिमीटरच्या छर्ऱ्यासाठी मर्यादा आली साधारण 0.98 ज्यूलची. 0.2 ग्रॅमचा छर्रा धरला, तर हा वेग होतो ताशी सुमारे 356 किलोमीटर. म्हणजे हे आपलं दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल नव्हे!

ब्रिटनची वाट वेगळी. तिथली भीती छर्ऱ्याइतकीच दिसण्याचीही होती. समोरच्याच्या हातातलं पिस्तूल खरं की खोटं, हे पोलिसाला लांबून कसं कळणार? म्हणून 2003 च्या कायद्याने सार्वजनिक ठिकाणी योग्य कारणाशिवाय नकली बंदूक बाळगणं हा गुन्हा ठरवला. 'खासगी जमीन' या शब्दांना या खेळात एवढं वजन आलं ते इथून. शेतातून बंदूक हातात घेऊन गावच्या रस्त्यावर आलात, की चित्रच बदलतं. म्हणून ती नेता-आणताना पिशवीत बंद ठेवायची.

मग आला 2006 चा व्हायोलंट क्राइम रिडक्शन ॲक्ट. ऑक्टोबर 2007 पासून खऱ्यासारखी दिसणारी नकली बंदूक बनवणं, विकणं, आयात करणं बंद झालं. 18 वर्षांखालच्यांना कुठलीही नकली बंदूक विकणंही बंद. एअरसॉफ्टवाल्यांसाठी एक सवलत ठेवली, पण अट बघा: खेळ आयोजित करणाऱ्याकडे त्रयस्थांच्या नुकसानीचा विमा हवा. म्हणजे पुन्हा तोच कुंपणाबाहेरचा माणूस! विक्रेत्यांच्या संघटनेने खेळाडूंची नोंदणी सुरू केली. निदान तीन खेळ, तेही कमीत कमी दोन महिन्यांत विभागलेले, मग नोंद. ज्याची नोंद नाही, त्याला सहसा भडक निळी, हिरवी किंवा नारिंगी बंदूक मिळते.

2017 मध्ये आणखी एक पेच आला. ब्रिटनने ठरवलं, की 1 ज्यूलच्या वर ताकद असली तर ते कायद्याच्या भाषेत प्राणघातक शस्त्र. आता आली का पंचाईत? बऱ्याच एअरसॉफ्ट बंदुका त्याच्या थोड्या वरच. म्हणून त्यांना वेगळी मर्यादा दिली: सलग छर्रे सोडणारीला 1.3 ज्यूल, एकेक सोडणारीला 2.5. त्याच्या वर गेलात, तर खेळणं उरत नाही, शस्त्र होतं. म्हणूनच चांगल्या मैदानावर खेळाआधी प्रत्येक बंदुकीचा वेग यंत्रावर मोजतात.

आता काकांच्या शेताकडे येऊ. इंग्लंडमध्ये वेगळी परवानगी न घेता जमीन अशा तात्पुरत्या कामाला वर्षात साधारण 28 दिवस वापरता येते. पण ती जमीन निसर्गासाठी खास राखलेली असेल, तर लुटुपुटूच्या लढाईला ही सूट नाही. शिवाय 1957 च्या कायद्याप्रमाणे बोलावलेल्या पाहुण्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी जागा ताब्यात असणाऱ्यावर आहे. उघडी विहीर, गंजलेली तार, मोडकं छप्पर, सगळं आधी तपासायचं. शेतातून पायवाट जात असेल तर तिकडे खेळच नको. शेजाऱ्यांना आणि पोलिसांना आधी कळवून ठेवलेलं बरं.

आणि डोळे! छर्ऱ्याने अंगावर फार तर वळ उठेल, पण डोळा जाऊ शकतो. साधा चष्मा चालत नाही. चारी बाजूंनी बंद, आघात सोसणारा गॉगल हवा, आणि काच पुसायलासुद्धा तो मैदानात काढायचा नाही. विश्रांतीच्या जागी बंदुकीतून छर्ऱ्यांचं मॅगझिन काढून ठेवायचं.

तर मंडळी, खेळायला जाण्याआधी आयोजकाला तीन गोष्टी विचारा: विमा आहे का, वेग मोजता का, आणि कुंपणापलीकडे कोण राहतं? तिसऱ्याचं उत्तर त्याला देता आलं नाही, तर तो रविवार घरीच काढा. भेटू पुढच्या भागात!