नारिंगी उरली, नारिंग गेलं

शिरवळला बहिणीकडे गेलो होतो. भाची इंद्रधनुष्य रंगवत बसली होती आणि तोंडानं ‘तानापिहिनिपाजा’ चालू होतं. मध्येच थांबून म्हणाली, “मामा, जांभळा म्हणजे जांभळासारखा. मग नारिंगी म्हणजे कशासारखा?”

“संत्र्यासारखा.”

“मग संत्री रंग का नाही म्हणत?”

संध्याकाळी हायवेलगतच्या हातगाडीवर मुद्दाम विचारलं, “नारिंग आहेत का?” फळवाल्यानं जरा विचार केला. “कलर म्हणताय का?” आणि नागपुरी संत्री पुढे केली.

नारिंग हे फळाचंच नाव. एकोणिसाव्या शतकात मोल्सवर्थनं मराठीचा कोश केला, त्यात ते आहे. संस्कृतात नारंग. मूळ शब्द द्राविडी, असं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. तेलुगूत अजून ‘नारिंज’ आहे. इथून तो इराणात गेला, तिथून अरबांकडे आणि त्यांच्याबरोबर स्पेनमध्ये. स्पॅनिशनं सुरुवातीचा ‘न’ राखला. इटालियन, फ्रेंचमध्ये तो आधीच्या ‘उन’ या उपपदात विरघळला, आणि इंग्रजीला मिळालं ते बिन-न-चं ‘ऑरेंज’. रंगाला इंग्रज ऑरेंज म्हणू लागले ते थेट सोळाव्या शतकात. तोवर पिवळा-तांबडा म्हणून भागवत होते.

आपलं तसं अडलं नव्हतं. वारीतली पताका भगवी, राष्ट्रध्वजाचा वरचा पट्टा केशरी, मारुती शेंदरी. नारिंगीच्या वाट्याला आली ती रंगपेटी.

मग संत्रं कुठून आलं? पोर्तुगालमधल्या सिंत्रा गावावरून, असं बरेचदा छापलेलं वाचायला मिळतं. मोसंबी मोझांबिकवरून आली, त्याच चालीवर हे ठरवलेलं दिसतं. मला ते पटत नाही. बाबरानं आपल्या आठवणींत हिंदुस्थानातली फळं नोंदवताना नारंज वेगळं लिहिलंय आणि ‘संगतरा’ वेगळा. बाबर वारला १५३० साली. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० मध्ये. वीस वर्षांच्या आत एका पोर्तुगीज गावाचं नाव उत्तरेत बादशहाच्या लेखणीपर्यंत पोचलं? शिवाय गोड संत्री पूर्वेकडून युरोपात नेणाऱ्यांत पोर्तुगीजच पुढे होते. फळ तिकडे जाणार आणि नाव उलट इकडे येणार, हे जरा ओढूनताणूनच वाटतं.

नाव कुठलंही असो, आधीचं फळ आंबट-कडू होतं. गोड आलं, त्याला नवं नाव मिळालं, आणि जुनं नाव रंगाला चिकटून राहिलं. इराणात हुबेहूब हेच झालंय. तिथं गोड फळ ‘पोर्तेकाल’, म्हणजे चक्क पोर्तुगाल, आणि रंग ‘नारेंजी’. तुर्कीत फळ ‘पोर्ताकाल’, रंग ‘तुरुंजू’, तोही तिथल्या कडू फळावरूनच. फरक एवढाच, की इराणी माणूस कडू नारंज अजून माशांवर पिळतो. आपल्याकडे हातगाडीवर ते नाव सांगून फळ मिळत नाही.

भाचीला एवढं सगळं सांगितलं. तिचं चित्र तोवर संपलं होतं. “पण मग नारिंग कुणीच मागत नाही?” तिनं विचारलं. देशी दारूच्या दुकानात ‘नारंगी’ म्हणून बाटली मागतात, हे मी तिला सांगितलं नाही.