डेबियन प्रकल्प व पॅकेज-धोरण

मुक्त आज्ञावलींची संगणकीय परिचालन प्रणाली सिद्ध करणारा स्वयंसेवकांचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प. इअन मर्डॉक (१९७३–२०१५) या अमेरिकेतील विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी त्याची घोषणा केली. डेब्रा या आपल्या मैत्रिणीचे (पुढे पत्नीचे) व स्वतःचे नाव जोडून त्याने ‘डेबियन’ हे नाव बनविले.

या प्रकल्पाला मालक नाही. परस्परांना न भेटलेल्या शेकडो लोकांनी बांधलेल्या आज्ञावली एकाच यंत्रावर बिनतक्रार नांदाव्यात, यासाठी लेखी धोरण आवश्यक ठरले. आज्ञावली, तिची कागदपत्रे व ती बसविण्याच्या सूचना यांच्या एकत्रित गाठोड्याला पॅकेज म्हणतात. कोणती फाइल कोठे ठेवावी, वापरणाऱ्याने केलेले फेरबदल नव्या आवृत्तीने पुसू नयेत, अशा बाबी धोरणात सांगितल्या आहेत. त्यातील ‘केलेच पाहिजे’ आणि ‘करावे’ यांतील फरक केवळ भाषिक नाही. पहिल्याचा भंग करणारे पॅकेज सामान्यतः स्थिर आवृत्तीतून वगळले जाते.

तथापि खरे वाद माजले ते मुक्ततेच्या व्याख्येवरून. ब्रूस पेरेन्स यांच्या नेतृत्वाखाली जुलै १९९७ मध्ये प्रकल्पाने ‘सामाजिक करार’ व त्यासोबत मुक्ततेचे निकष स्वीकारले. अमुक्त पॅकेजे प्रणालीचा भाग मानली गेली नाहीत. परंतु ती प्रकल्पाच्याच भांडारातून पुरविली जात राहिली. पुढील बहुतेक कलहांचे मूळ या तडजोडीत आहे.

मार्च २००४ मध्ये अमुक्त विभाग बंद करण्याचा प्रस्ताव मतदानात फेटाळला गेला. त्यानंतर लवकरच कराराच्या शब्दरचनेत एक दुरुस्ती संमत झाली. ती ‘संपादकीय’ म्हणून मांडली गेली होती. हे नाव दिशाभूल करणारे होते, असा आक्षेप मागाहून घेण्यात आला आणि तो निराधार म्हणता येत नाही. कारण तीमुळे मुक्ततेचे निकष आज्ञावलींपुरते न राहता माहितीपुस्तिका, टंक व उपकरणांसाठी लागणारे फर्मवेअर यांनाही निःसंदिग्धपणे लागू झाले. नवी आवृत्ती खोळंबण्याची चिन्हे दिसताच दुसरे मतदान घेऊन अंमलबजावणी पुढे ढकलावी लागली. ‘सार्ज’ ही आवृत्ती जून २००५ मध्ये, मागील आवृत्तीनंतर जवळजवळ तीन वर्षांनी बाहेर पडली. २००६ मध्ये ज्यांतील काही भाग बदलण्यास परवान्यानेच मनाई आहे अशा पुस्तिका अमुक्त ठरल्या. मुक्त आज्ञावलींच्या चळवळीचे उगमस्थान असलेल्या ग्नू प्रकल्पाच्या काही पुस्तिकाही त्यात सापडल्या.

फर्मवेअरचा प्रश्न अधिक व्यावहारिक होता. ते नसेल तर अनेक यंत्रांत बिनतारी जोडणी चालत नाही, आणि जोडणीवाचून ते मिळवावे कसे, ही नवख्याची अडचण होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये करारदुरुस्तीस आवश्यक असे तिनास एक मताधिक्य मिळून अमुक्त फर्मवेअर अधिकृत स्थापना-माध्यमात घेण्यास मान्यता मिळाली. त्यासाठी स्वतंत्र विभागही निर्माण झाला.

सर्वच मतभेद असे मिटले नाहीत. यंत्र सुरू होताना सेवा चालू करणारी ‘सिस्टिमडी’ ही आज्ञावली मूलभूत म्हणून स्वीकारावी की नाही, यावर फेब्रुवारी २०१४ मध्ये तांत्रिक समितीत चारास चार अशी मते पडून अध्यक्षांच्या निर्णायक मताने ती स्वीकारली गेली. विरोधकांपैकी काहींनी वेगळे होऊन ‘देवुआन’ ही निराळी प्रणाली काढली.