कात्रीतून घडलेला चेहरा

टी-शर्टांवर आणि भिंतींवर दिसणारा चे गव्हेरा मूळ फोटोत एकटा नाही. एका बाजूला कुणाचा तरी अर्धा चेहरा आहे, दुसऱ्या बाजूला झाडाच्या झावळ्या. ४ मार्च १९६० रोजी हवानाच्या बंदरात शस्त्रं घेऊन आलेलं 'ला कूब्र' हे फ्रेंच जहाज स्फोटात फुटलं. दुसऱ्या दिवशीच्या शोकसभेत गव्हेरा काही क्षण व्यासपीठाच्या कडेशी आला आणि छायाचित्रकार आल्बेर्तो कोर्दाने दोन फ्रेम घेतल्या, एक आडवी, एक उभी. तो ज्यासाठी फोटो काढत होता त्या 'रेव्होलुसिओन' या वर्तमानपत्राने त्या सभेचे दुसरे फोटो निवडले. कोर्दा मूळचा फॅशन फोटोग्राफर, त्यामुळे काय ठेवायचं आणि काय छाटायचं हे त्याला नेमकं कळत होतं. आडव्या फ्रेममधला माणूस कापून, झावळ्या कापून त्याने ती प्रिंट स्टुडिओच्या भिंतीवर टांगली.

त्रिशा झिफ आणि लुईस लोपेझ यांचा 'चेव्होल्यूशन' (२००८) हा माहितीपट या फोटोचा पुढचा प्रवास मांडतो. तो पाहताना पटतं, की या फोटोला बळ आलं ते कात्रीमुळे, मृत्यूमुळे आणि फुकट मिळालेल्या प्रतींमुळे. शटरच्या क्षणाचा वाटा त्यात लहानच. कुणी म्हणेल, चेहऱ्यातच काही नसतं तर कात्री काय करणार? हे खरंच आहे, ती वर लागलेली करडी नजर कोर्दाने घडवलेली नाही. पण हाच फोटो १९६१मध्ये त्याच वर्तमानपत्रात गव्हेराच्या व्याख्यानाच्या सूचनेसोबत छापला गेला होता आणि त्याने काहीच हललं नाही. १९६७मध्ये इटालियन प्रकाशक जांजाकोमो फेल्त्रिनेल्लीने कोर्दाकडून दोन प्रिंट विनामूल्य नेल्या. त्या वर्षी ९ ऑक्टोबरला बोलिव्हियात गव्हेराला गोळ्या घातल्या गेल्या आणि फेल्त्रिनेल्लीची पोस्टरं रस्त्यावर आली. आयरिश चित्रकार जिम फिट्झपॅट्रिकने १९६८मध्ये सगळ्या करड्या छटा काढून टाकल्या. उरला लाल आणि काळा. आता चांगल्या छापखान्याची गरजच नव्हती. मोर्च्याच्या आदल्या रात्री कुणीही जाळीच्या चौकटीतून तो चेहरा छापू शकत होता, आणि फिट्झपॅट्रिकने हक्कही राखून ठेवले नाहीत.

असा माहितीपट गव्हेराच्या प्रतिमेच्या पूजेत आणखी एक फूल वाहतो, हा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. पडद्यावर तोच चेहरा पुन्हा झळकतो, हे नाकारता येत नाही. मात्र पोस्टर स्वतःची कापलेली कड दाखवू शकत नाही, चित्रपट दाखवू शकतो. अधिक अवघड आक्षेप मालकीचा आहे: कुणाचाच नसलेला फोटो बाजाराचा होणारच. कोर्दाने जन्मभर मानधन मागितलं नाही, पण २०००मध्ये स्मिर्नॉफ व्होडकाच्या जाहिरातीत हा फोटो दिसला तेव्हा त्याने लंडनमध्ये दावा लावला. गव्हेराच्या विचारांच्या प्रसाराला त्याची हरकत नव्हती, दारू विकायला होती. तडजोडीत ५० हजार डॉलर मिळाले आणि ते त्याने क्यूबातल्या मुलांच्या औषधांसाठी देऊन टाकले.