सिम्युलेटरपासून सिम्युलेटरपर्यंत

एका संगणकाच्या पोटात अनेक स्वतंत्र संगणक, म्हणजे आभासी यंत्रे, चालवण्याची 'व्हर्च्युअलायझेशन' ही युक्ती आयबीएमच्या अमेरिकेतील केंब्रिज केंद्रात १९६०च्या दशकात जन्मली. तिथल्या 'सीपी-६७'चा वारसा घेऊन १९७२ साली 'व्हीएम/३७०' आले. तेव्हा यंत्र अफाट महाग होते आणि वापरणारे अनेक, म्हणून ही खटपट. पुढे टेबलावर मावणारे स्वस्त संगणक आले आणि व्हर्च्युअलायझेशन मेनफ्रेमवाल्यांपुरतेच उरले.

ते परत आले सिम्युलेटरच्या वाटेने. स्टॅनफर्ड विद्यापीठात मेंडेल रोझेनब्लम आणि सहकाऱ्यांनी 'सिमओएस' बांधले होते. प्रोसेसर, डिस्क आणि नेटवर्कसह अख्ख्या संगणकाची सॉफ्टवेअरमध्ये उतरवलेली ही नक्कल होती आणि तिच्यावर खरी ऑपरेटिंग सिस्टीम चालत असे. त्यातून १९९७ मध्ये एकाच यंत्रावर अनेक ऑपरेटिंग सिस्टीम चालवण्याचा 'डिस्को' हा प्रयोग झाला आणि १९९८ मध्ये व्हीएमवेअर कंपनी. मधली अडचण इंटेलच्या प्रोसेसरची होती. त्यातील काही सूचना आभासी यंत्रातल्या 'पाहुण्या' सिस्टीमने दिल्या तर वरून देखरेख करणाऱ्या नियंत्रक सॉफ्टवेअरला त्याचा पत्ताच लागत नसे. अशा सूचना चालता चालता बदलून घेण्याची तजवीज व्हीएमवेअरने केली. इंटेलने प्रोसेसरमध्येच सोय दिली ती २००५ मध्ये. या धंद्याच्या पायाशी आधी नक्कल होती आणि मग उत्पादन, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढे तो पुन्हा येतो.

२००१ मध्ये सर्व्हरसाठीचे 'ईएसएक्स' आले. २००३ मध्ये अनेक सर्व्हर एका पडद्यावरून हाकणारे 'व्हर्च्युअलसेंटर' आले, ज्याला पुढे 'व्हीसेंटर' म्हणू लागले. चालते आभासी यंत्र बंद न करता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेणारे 'व्हीमोशन'ही त्याच वर्षीचे. ते पहिल्यांदा पाहणाऱ्याला जादूच वाटली असणार.

प्लग-इनची, म्हणजे या पडद्याला जोडायच्या दुसऱ्या कंपनीच्या पुरवणीची, गरज इथून सुरू झाली. सर्व्हर सांभाळणाऱ्याला आभासी यंत्र एका खिडकीत दिसे, पण त्याचा डेटा अनेक डिस्कांच्या ज्या स्टोरेज अ‍ॅरेवर असे तो दुसऱ्याच कंपनीच्या खिडकीत. रात्री दोन वाजता डेटा ठेवण्याची जागा (डेटास्टोर) भरली, तर अ‍ॅरेवरचा कोणता भाग वाढवायचा हे त्याला कागदावरच्या नोंदींतून शोधावे लागे. प्लग-इन ही सांगड मुख्य पडद्यावरच घालून देते. यंत्रावर उजवी क्लिक केली की अ‍ॅरेवाल्या कंपनीचा मेनू उघडतो. २००७ अखेरच्या व्हर्च्युअलसेंटर २.५ मध्ये अशा जोडण्यांना रीतसर दार मिळाले. प्लग-इन स्वतःची नोंद एका ओळखनावाने व्हीसेंटरमध्ये करते. प्लग-इनचा सर्व्हर काढून टाकला तरी ही नोंद मागे राहते आणि पडद्यावर मेलेला मेनू दिसत राहतो. मग व्हीसेंटरचे 'मॉब' नावाचे पान ब्राउझरमध्ये उघडून ती हाताने पुसावी लागते. या कामातल्या बहुतेकांनी हे कधी ना कधी केलेले असते.

महाराष्ट्रात प्लग-इन लिहिण्याचे काम रुजले ते पुण्यात. टाटांचे १९८१चे संशोधनकेंद्र टीआरडीडीसी आणि १९८८चे सी-डॅक यांनी तिथे संगणक संशोधनाची जमीन तयार केली होती. आनंद देशपांडे यांनी १९९० मध्ये पर्सिस्टंट सिस्टिम्स काढली. फाइल सिस्टीम आणि बॅकअपवर जगणाऱ्या व्हेरिटासचे मोठे विकासकेंद्र पुण्यात होते. डिस्कवर डेटा नेमका कसा बसतो हे आतून जाणणारे अभियंते या शहरात तयार झाले, यात व्हेरिटासचा वाटा फार मोठा. १९९८ मध्ये अनुपम भिडे यांची कॅलसॉफ्ट उभी राहिली. स्टोरेज कंपन्यांसाठी व्हीसेंटरचे प्लग-इन लिहिणे हा तिच्या कामाचा भाग झाला. २००८ मध्ये डेटा बॅकअपच्या कामातली ड्रुवा आली. व्हेरिटासमध्ये काम केलेले मिलिंद बोराटे तिच्या संस्थापकांपैकी एक. खुद्द व्हीएमवेअरनेही पुण्यात कार्यालय थाटले.

ठाणे-कल्याणच्या पट्ट्याच्या वाट्याला या कथेची दुसरी बाजू आली, वापरणाऱ्याची. २००४ मध्ये ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर मार्ग सुरू झाला आणि ठाण्याला गाडी बदलून ऐरोली, रबाळे, घणसोली गाठणे डोंबिवलीकराच्या आवाक्यात आले. ऐरोली-घणसोलीकडच्या जुन्या एमआयडीसीच्या जागांवर आयटी पार्क आणि डेटा सेंटरे उभी राहिली. पेमेंटची माहिती भारतातच साठवण्याचा रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०१८चा आदेश आल्यावर देशातल्या सर्व्हरांचे महत्त्व आणखी वाढले. पाळीवर बसलेला माणूस जो मेनू उघडतो, तो अनेकदा घाटावरच्या कोणीतरी लिहिलेला असतो.

प्लग-इन लिहिणाऱ्यापुढचा पेच यंत्रांचाच होता. ग्राहकाकडे शेकडो सर्व्हर आणि हजारो आभासी यंत्रे, विकसकाकडे मात्र तीन-चार. पडदा दहा यंत्रांवर झटकन उघडतो आणि दहा हजारांवर गुदमरतो. हा दोष लहान प्रयोगशाळेत दिसतच नाही. म्हणून नकली व्हीसेंटर बनवण्याची पद्धत पडली. व्हीएमवेअरच्या २०११च्या तयार व्हीसेंटर पेटीतच 'व्हीसीसिम' लपलेले होते. त्याने नुसत्या नोंदींचे हवे तेवढे सर्व्हर उभे करता येत. पुढे गो भाषेतल्या 'गोव्हीमोमी' या मुक्त संचात त्याच नावाचा नवा सिम्युलेटर आला. लॅपटॉपवर एक आज्ञा दिली की तो पोर्ट ८९८९ वर बसतो आणि एक डेटासेंटर, तीन सर्व्हरांचा एक क्लस्टर, एक सुटा सर्व्हर आणि चार आभासी यंत्रे मांडतो. पहिल्या यंत्राचे नाव 'डीसी०_एच०_व्हीएम०'. यातले एकही यंत्र खरे चालत नाही, पण 'बंद कर' म्हटले की बंद झाल्याची नोंद आणि घटना दोन्ही नेमक्या मिळतात. आकडे बदलले की दहा हजारांचे गावही वसते.

मर्यादाही तशाच स्पष्ट आहेत. सिम्युलेटर संवाद तपासतो, डिस्कचा वेग किंवा तुटलेली तार नव्हे. त्यासाठी ईएसएक्सच्या पोटात ईएसएक्स चालवण्याची तोड निघाली, आणि अखेरची फेरी खऱ्या अ‍ॅरेवर करावीच लागते.

याहून जास्त घाम पडद्याच्या बदलांनी काढला. पहिले प्लग-इन विंडोज क्लायंटसाठी होते. २०१२ पासून फ्लॅशवरचा वेब क्लायंट पुढे आला म्हणून ते नव्याने लिहिले. २०१७ मध्ये अडोबीने फ्लॅश २०२० अखेर बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा एचटीएमएल५ साठी तिसऱ्यांदा. व्हीसेंटरच्या आतच बसणारी प्लग-इने ईएसएक्स-व्हीसेंटरच्या 'व्हीस्फीअर' संचाच्या आठव्या आवृत्तीने २०२२ मध्ये नाकारली, म्हणून ती बाहेरच्या सर्व्हरवर हलवावी लागली. एकाच मेनूसाठी चार वेळा केलेले हे कष्ट ग्राहकाला दिसत नाहीत, आणि ते न दिसणे हीच त्या कामाची पावती.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअरची खरेदी पूर्ण केली आणि पुढच्याच महिन्यात कायमचे परवाने विकणे थांबवले. अनेक ग्राहक लिनक्समधल्या 'केव्हीएम' या मुक्त व्हर्च्युअलायझेशनवर आधारलेल्या पर्यायांकडे पाहू लागले. तेच मेनू आता त्या पडद्यांसाठी लिहिले जाऊ लागले आहेत, आणि त्यांची पहिली फेरीही नकली सर्व्हरांवरच होते.